तुटक वेळात बसवलेला धंदा

मी लहान मुलांचे कपडे शिवून विकते. बाळ होणार हे कळलं तेव्हा धंदा बऱ्यापैकी रुळला होता, आणि काही झालं तरी तो बंद करायचा नाही हे मी बाळंतपणाच्या आधीच ठरवलं होतं. पुढच्या वर्ष-दीड वर्षात जे जे बसवत गेले ते इथे लिहिते आहे. तुमचा व्यवसाय शिवणाचा नसला तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

लहान मूल असलेल्या बाईला प्रत्येक जण सांगतो, वेळेचं नियोजन कर. पण त्यासाठी वेळ हातात सलग यावा लागतो. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी ४ ते ६ तास नुसत्या पाजण्यात जातात, तेही दिवस-रात्र विखरून. पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मला ते पाळायचं होतं. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा दिसलं, की मधल्या फटी मिळणार आहेत, पण हाती आलेली फट दहा मिनिटांची आहे की दीड तासाची, हे ती संपेपर्यंत कळणार नाही. म्हणून मी वेळापत्रक केलंच नाही. धंद्यातल्या सगळ्या कामांची यादी केली आणि प्रत्येक कामापुढे एवढंच लिहिलं, की हे अर्ध्यात सोडलं तर काय बिघडतं?

या एका प्रश्नाने सगळं काम आपोआप वेगळं झालं. कटिंग अर्ध्यात सोडता येत नाही. कापड पसरलेलं, त्यावर पॅटर्न टाचलेला, आणि आपण उठून परत येईपर्यंत कापड बोटभर सरकलं तरी पुढचा-मागचा भाग जुळत नाही. बाही बसवणं, गळ्याची पट्टी, चेन लावणं हेही तसंच. सरळ शिलाई मात्र कुठेही थांबवता येते. धागे तोडणं, लेबल लावणं, घड्या घालणं, पॅकिंग ही कामं बाळ शेजारी लोळत असतानाही होतात. आणि गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तर देणं हे एका हाताचं काम. तुमच्या व्यवसायातही असे थर सापडतील. हिशेब लिहिणारीला आकडे ताडून पाहायला शांतता लागते, पण बिलांचे फोटो काढून ठेवायला लागत नाही. शिकवणी घेणारीला शिकवताना उठता येत नाही, पण वह्या तपासताना येतं.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. मी प्रत्येक कपड्यासाठी एक ट्रे ठेवते. त्यात कापलेले भाग, लागणारा धागा, बटणं आणि एक चिठ्ठी असते: ‘डावी बाही झाली, उजवी बाकी. अस्तर उलट्या बाजूने.’ ही चिठ्ठी मी काम थांबवताना लिहीत नाही, बसतानाच लिहिते. बाळ रडायला लागल्यावर चिठ्ठी लिहायला कुणी थांबत नाही. परत येऊन बसल्यावर आपण कुठे होतो हे आठवण्यात जो वेळ जातो तो दिवसभरात चांगलाच साठतो, आणि रात्रीच्या जागरणानंतर डोकं तर अजिबात साथ देत नाही. चिठ्ठी असली की हात सरळ कामाला लागतात.

कटिंगसाठी लागणारा सलग वेळ मागून घ्यावा लागला. नवऱ्याला मी ‘मला मदत कर’ असं म्हटलं नाही. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, आणि त्या वेळात बाळ पूर्ण त्याच्याकडे, असं स्पष्ट मागितलं. त्या वेळात लंगोट बदलायचा की नाही, बाहेर न्यायचं की घरात खेळवायचं, हे त्याने ठरवायचं. मी दार लोटून पाच-सहा कपड्यांचं कापड एकदमच कापून ठेवते. पुढचा आठवडाभर ट्रे भरलेले असतात आणि तुटक वेळात फक्त शिवायचं उरतं. मदत मागितली की प्रत्येक वेळी नव्याने मागावी लागते. वेळ ठरवून घेतली की तो प्रश्नच उरत नाही. माझ्या मते घरच्यांशी करायच्या सगळ्या बोलण्यांत हे बोलणं सगळ्यात आधी व्हायला हवं, ऑर्डर घ्यायच्याही आधी.

दूध काढून ठेवणाऱ्यांसाठी दोन आकडे. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. उकाड्यात ते सरळ फ्रिजमध्येच ठेवावं. प्रदर्शनात स्टॉल लावायचा असेल तेव्हा या आकड्यांवर माझा सगळा दिवस बेतलेला असे.

मूल रांगायला लागलं की कामाची जागा नव्याने लावावी लागते. यावर मी मुद्दाम थांबते, कारण घरून धंदा करणाऱ्या घरात माल आणि मूल एकाच जमिनीवर असतं. टाचण्या मी चुंबक असलेल्या वाटीत ठेवते आणि उठताना मोजते. इस्त्रीची वायर कधीही खाली लोंबत ठेवत नाही, गरम इस्त्री असलेल्या खोलीत मूल नसतंच. बटणं, प्रेस बटणं, मणी झाकणाच्या डब्यात आणि डबा वरच्या फळीवर. पॅकिंगच्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही वरच. सगळ्यात जास्त भीती बाळगायची ती नाण्यासारख्या चपट्या बॅटरीची. पार्सल तोलायच्या छोट्या काट्यात, रिमोटमध्ये ती असते. मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर २ तासांच्या आत गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखान्यात धावायचं. माझ्या काट्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे, घेताना तेवढं बघूनच घेतला.

आता ऑर्डर किती घ्यायच्या याबद्दल. समजा आठवड्याला २० तास कामाचे मिळतात आणि एका फ्रॉकला, मेसेजपासून पॅकिंगपर्यंत सगळं धरून, अडीच तास लागतात. भागाकार ८ येतो. मी ५ घेते. उरलेले साडेसात तास रिकामे नसतात. ते बाळाच्या तापाचे, दात येण्याचे, लसीनंतरच्या चिडचिडीचे, माझ्या स्वतःच्या आजारपणाचे असतात. ज्या आठवड्यात यातलं काहीच घडत नाही, त्या आठवड्यात पुढचं काम उरकतं. तारीख देतानाही हेच. गिऱ्हाईक ‘कधी मिळेल?’ विचारतं तेव्हा तोंडात पहिल्यांदा जी तारीख येते ती सगळं सुरळीत गेलं तरची असते. मी तिच्यात एक आठवडा मिळवून सांगते. माल आधी गेला तर गिऱ्हाईक खूश होतं. उशिरा गेला तर पुढची ऑर्डर येत नाही, आणि कारण बाळ असलं तरी येत नाही.

मापाच्या ऑर्डरसाठी निम्मी रक्कम आगाऊ घेते. एका मुलाच्या मापाने, एका आईच्या आवडीने शिवलेला कपडा दुसऱ्याला विकता येत नाही, आणि मुलं तर महिन्याभरात माप बदलतात. आगाऊ रक्कम मागायला बऱ्याच जणींना संकोच वाटतो. मी पहिल्याच मेसेजमध्ये माप, रंग, तारीख आणि आगाऊ रक्कम या चारही गोष्टी एकत्र लिहून पाठवते, म्हणजे पैशाचा विषय वेगळा काढावा लागत नाही.

किंमत हा यातला सगळ्यात कठीण भाग. आई म्हणून घरून काम करताना आपल्या तासाला किंमत नाही असं आजूबाजूचे धरून चालतात, आणि हळूहळू आपणही धरतो. किंमत नव्याने ठरवायला बसले तेव्हा आधी काही आठवडे प्रत्येक कपड्यामागचे तास लिहून ठेवले. प्रत्यक्ष मशीनवरचा वेळ एकूण वेळाच्या निम्माही नव्हता. बाकीचा वेळ कापड निवडणं, फोटो, मापांची देवाणघेवाण, पार्सल, बदलून देणं यात जात होता. तो सगळा वेळ किमतीत आला पाहिजे. कापड, अस्तर, धागा, पॅकिंग यांच्या खर्चात मी माझ्या तासांची मजुरी मिळवते, मशीनची दुरुस्ती आणि वाया जाणारं कापड यांचा वाटा मिळवते, आणि त्यावर नफा धरते. मजुरी म्हणजे नफा नव्हे. मजुरी माझी, नफा धंद्याचा. नवं मशीन नफ्यातून येतं.

इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. ८० ला पडलेली वस्तू १०० ला विकली तर खर्चावर आपण २५ टक्के चढवले, पण विक्रीतले आपले फक्त २० टक्के. ‘मी २५ टक्के ठेवते, त्यातले १० सोडले तर १५ उरतील’ असं वाटतं. प्रत्यक्षात १०० वर १० टक्के सूट दिली की ९० येतात, म्हणजे नफा २० वरून १० वर येतो, निम्मा. तेवढाच नफा हवा असेल तर दुप्पट कपडे शिवावे लागतील. ज्या बाईकडे पैशापेक्षा तास कमी आहेत तिला सूट कधीच परवडत नाही. ‘ताई, जरा कमी करा ना’ असं कुणी म्हटलं की मी किंमत कमी करत नाही, काम कमी करते. भरतकाम नको, साधा गळा, अस्तर नाही, मग एवढ्याला बसेल. बहुतेक जणी भरतकाम ठेवतात आणि पूर्ण पैसे देतात.

दर वाढवताना जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवलं, तारीख सांगितली, आणि त्याआधी घेतलेल्या ऑर्डर जुन्याच दराने पूर्ण केल्या. कारणं लांबलचक लिहिली नाहीत. काही जणी गेल्या. त्या गेल्यामुळे मोकळे झालेले तास मला हवेच होते.

पैशांचं थोडक्यात सांगते. धंद्याचं खातं वेगळं, घरचं वेगळं, आणि दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम स्वतःला पगार म्हणून द्यायची. आलेल्या प्रत्येक रकमेतला एक भाग करासाठी लगेच बाजूला काढायचा. बिल हातात आलं की त्याचा फोटो. एवढं केलं की वर्षाच्या शेवटी कागदांचा ढीग उपसावा लागत नाही. नफा दिसतो पण खात्यात पैसे नाहीत असं होतं तेव्हा पैसे बहुधा कापडात किंवा उधारीत अडकलेले असतात. म्हणून मी कापड ऑर्डरीपुरतंच घेते, नेहमीचे दोन-तीन रंग सोडून.

मेसेजच्या बाबतीत मी कडक आहे. दिवसातून दोनदा उत्तरं देते आणि त्या वेळा माझ्या प्रोफाइलवर लिहिलेल्या आहेत. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं फोनमध्ये तयार आहेत: माप कसं घ्यायचं, किती दिवस लागतात, सुती कापड पहिल्या धुण्यात किती आटतं. उत्तर तासाभराने मिळालं म्हणून चांगलं गिऱ्हाईक तुटत नाही हे मी अनुभवाने सांगू शकते.

बाळ आजारी पडलं की काय करायचं हे तो दिवस उजाडण्याआधी लिहून ठेवलेलं बरं. माझा मेसेज तयार असतो: घरी आजारपण आहे, तुमची ऑर्डर अमुक तारखेला निघेल. नवी तारीख एकदाच द्यायची आणि तीही सढळ हाताने. ज्यांची तारीख सगळ्यात जवळची त्यांना आधी कळवायचं. त्या दिवसांत मशीन उघडायचंच नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला एका मांडीवर घेऊन शिवलेला कपडा उसवावाच लागतो, आणि मुलालाही आई मिळत नाही.

अलीकडे काज-बटण आणि ओव्हरलॉकचं, म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून घालायच्या शिलाईचं, काम मी नगावर बाहेर देते. ते देताना सोबत एक पूर्ण झालेला कपडा नमुना म्हणून पाठवते, म्हणजे फोनवर समजावत बसावं लागत नाही. त्या बाईलाही दोन लहान मुलं आहेत, म्हणून तिची तारीख ठरवतानाही मी एक आठवडा जास्त धरते. कटिंग मात्र अजून माझ्याकडेच आहे. ते कुणाला शिकवायचं झालं तर आधी माझे पॅटर्न सगळ्या मापांत नीट जाड कागदावर उतरवावे लागतील. ते काम सध्या यादीत आहे, त्याच्यापुढे लिहिलेलं आहे: अर्ध्यात सोडता येतं.