सहा अक्षरांचा पुरावा

जनुकक्रम तपासायचं प्रात्यक्षिक होतं. सुरुवात करते न करते तोच एका विद्यार्थ्याने मोबाईल पुढे केला. "मॅडम, कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीचे तुकडे आहेत, असा पेपर आहे. म्हणजे तो प्रयोगशाळेतच बनवला ना?"

पेपर होता खरा. जानेवारी २०२० च्या अखेरीस तो परीक्षणाआधीच ऑनलाइन आला आणि काही दिवसांत लेखकांनीच मागे घेतला. तेवढं सांगून विषय मिटला असता, पण 'मागे घेतला म्हणजे दडपला' हे त्याच्या मनात राहिलंच असतं. म्हणून ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि त्यालाच ब्लास्ट उघडायला लावलं. एखादा तुकडा जगभरच्या जनुकक्रमांच्या साठ्यात कुठे जुळतो ते शोधणारं हे साधन.

पेपरमधल्या चार तुकड्यांपैकी पहिले दोन जेमतेम सहा-सहा अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचे. प्रत्येक घटक एका अक्षराने लिहितात. त्याने पहिला टाकला. जीवाणू, बुरशी, कीटक... यादी संपेचना. वीस अमिनो आम्लांतून सहा अक्षरी शब्द होतात ६ कोटी ४० लाख. साठ्यात अक्षरं अब्जावधी. निव्वळ योगायोगानेही असा तुकडा कुठेही सापडणारच. युनानमधल्या वटवाघळाच्या नमुन्यातून मिळालेल्या आरएटीजी१३ या विषाणूतही पहिले तीन तुकडे जवळपास तसेच आहेत, हेही त्यानेच ताडून पाहिलं. काही न बोलता त्याने मोबाईल खिशात ठेवला.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चौथा तुकडा राहिला."

तिचं बरोबर होतं, आणि खरा वाद तिथूनच सुरू होतो. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनात फ्युरिन या विकराने कापली जाणारी जागा आहे. ती तयार होते १२ न्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे जनुकक्रमातल्या १२ अक्षरांच्या, जास्तीच्या तुकड्यामुळे, आणि ती आरएटीजी१३ मध्ये नाही. सार्सच्या गटातल्या, माहीत असलेल्या इतर जवळच्या विषाणूंतही नाही. मर्स या दुसऱ्या आजाराच्या कोरोना विषाणूत मात्र आहे, म्हणजे निसर्गाला ती अशक्य नाही. दुसरीकडे, २०१८ मध्ये वुहानची विषाणू संस्था भागीदार असलेल्या एका प्रस्तावात वटवाघळांच्या कोरोना विषाणूंत अशा जागा घालून पाहण्याचा विचार मांडला होता. अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने तो नाकारला. पुढे तसं काम झाल्याचा पुरावा नाही, पण हा कागद वर्गापासून लपवणं मला पटलं नाही.

मग दुसऱ्या शक्यतेकडे, म्हणजे विषाणू वुहानच्या बाजारातल्या प्राण्यांकडून आला का, याकडे वळलो. डिसेंबर २०१९ मधल्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तर ती वन्य प्राणी विकले जाणाऱ्या हुआनान बाजाराभोवती दाटतात. बाजाराशी संबंध नसलेल्यांचीही! बाजारातल्या विषाणू असलेल्या काही नमुन्यांत रकून डॉग या कोल्ह्यासारख्या प्राण्याचा डीएनए मिळाला. पण बाजार १ जानेवारी २०२० ला बंद झाला आणि संसर्ग होऊ शकणारे ते वन्य प्राणी तपासायला हातीच लागले नाहीत. २००३ च्या सार्समध्ये काही महिन्यांत सिव्हेट या उदमांजरासारख्या प्राण्यात विषाणू सापडला होता. इथे संसर्ग झालेल्या प्राण्याची ती कडी नाहीच.

"मॅडम, तुमचं मत?" पहिल्यानेच विचारलं.

माझ्या मते पारडं बाजाराकडे झुकतं, आणि ते मी स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही जून २०२५ मध्ये उपलब्ध पुरावा प्राण्यांकडून संसर्गाच्या बाजूने जास्त असल्याचं म्हटलं, पण कोणतीच शक्यता बाद केली नाही. सुरुवातीच्या रुग्णांचे शेकडो जनुकक्रम, बाजारातल्या प्राण्यांचा तपशील आणि वुहानच्या प्रयोगशाळांच्या सुरक्षेची माहिती त्यांनी मागितली होती. चीनने ती दिली नाही. याचा मला संताप येतो, आणि तो मी वर्गात दाबला नाही. लाखो माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना निदान हे उत्तर मिळायला हवं.

"मग कधीच कळणार नाही?" ती मुलगी म्हणाली.

मी स्वेर्दलोव्स्क या सोव्हिएत शहराचं उदाहरण दिलं. १९७९ मध्ये तिथे अँथ्रॅक्स या जीवाणूजन्य आजाराने माणसं मेली. सोव्हिएत सरकारने दूषित मांसाला दोष दिला. १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्करी कारण मान्य केलं. १९९४ च्या अभ्यासात रुग्णांची घरं आणि कामाची ठिकाणं नकाशावर मांडली, तेव्हा बहुतेक सगळी लष्करी केंद्रापासून वाऱ्याच्या दिशेने एका अरुंद पट्ट्यात आली. नकाशाची रीत वुहानच्या बाजाराला लावली तीच. स्वेर्दलोव्स्कमध्ये त्याच रीतीने लष्करी प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं होतं.

त्या मुलाने लगेच दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी उघडले. पुढचा तास दुसऱ्या वर्गाचा होता, त्यांना दाराबाहेर जरा थांबावं लागलं.