६७ची मस्टँग, अपडेट ५: गिअरबॉक्स ठणठणीत, घोळ व्हॅक्यूमचा

मागच्या अपडेटला लिहिलं होतं ना, डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाकली की गाडी धाडकन दचकते आणि दुसरा गिअर फार उशिरा आणि झटक्याने पडतो. इथे ओहायोत एका गॅरेजवाल्याने तर काही न तपासताच सरळ ओव्हरहॉल सांगितला. मन मानेना. शनिवारी गाडी स्टँडवर चढवली, दुपारपर्यंत खालीच होतो, आणि कारण सापडलं एकदाचं!

२८९ घन इंचांच्या इंजिनामागे फोर्डचा सी-४ आहे, तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिनवर लोड किती हे त्याला इंटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवरून कळतं. बॉक्सच्या मागच्या अंगाला डबीसारखा मॉड्युलेटर असतो, आत रबरी डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा. पाय हलका असला की व्हॅक्यूम जास्त, तेलाचं प्रेशर कमी, गिअर मऊ पडतो, आणि पेडल दाबलं की उलट. म्हणजे व्हॅक्यूम पोचलाच नाही तर बॉक्सला वाटतं पेडल कायम तळापर्यंत दाबलेलंय.

माझ्याकडे नेमकं तेच चाललं होतं. आधीच्या मालकाने पाइप कार्बोरेटरच्या त्या पोर्टला लावलेला जिथून डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सला (ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेला) व्हॅक्यूम जातो, आणि तिथे आयडलला व्हॅक्यूम नसतोच, म्हणून तो डीचा झटका. वर खालचा होज एक्झॉस्टला टेकून करपलेला, जरा वाकवला की भेग उघडायची. इंजिन चालू ठेवून मॉड्युलेटरच्या टोकाला गेज लावला तर काटा शून्यावर, तोच मॅनिफोल्डला लावला तर १८ इंच (पाऱ्याचे). तो काटा बघून इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

आता मॅनिफोल्डच्या मागच्या फिटिंगपासून नवा स्टीलचा पाइप खाली नेलाय, एक्झॉस्टपासून लांब ठेवून क्लिपा मारल्यात, दोन्ही टोकांना जाड व्हॅक्यूम होज. साधा पातळ होज लावू नका, गरम झाला की आत ओढला जाऊन चपटा होतो. जुन्या होजमध्ये लाल तेल दिसलं तर डायफ्रॅम फाटलाय समजा, मग इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतं आणि पांढरा धूर येतो. माझा कोरडा होता, तरी हाताशी काम होतं म्हणून मॉड्युलेटर नवा घातला. या वर्षाचा आट्यांचा असतो, फिरवून काढायचा. पण काढताना मागची बारीक पिन सांभाळा, माझी तेलाबरोबर निसटून थेट ट्रेमध्ये पडली. ती परत बसवल्याशिवाय मॉड्युलेटर लावून काही उपयोग नाही.

संध्याकाळी चक्कर मारली. डी कधी लागला ते कळलंही नाही, हलक्या पायाने १५ मैलांच्या आसपास दुसरा, २५ला तिसरा. फक्त तिसरा पडताना इंजिन किंचित मोकळं फिरतं. नव्या मॉड्युलेटरच्या नळीत अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू आहे, तो आत घेतला की प्रेशर वाढतं, तेव्हा येत्या शनिवारी एक फेरा आत घेऊन बघतो. किकडाउनचा (पेडल तळाला दाबलं की खालचा गिअर पाडणारा) रॉड त्यानंतर.