मागे कोण बघतं?

आज पोराची फुटबॉलची मॅच होती. कोचनी त्याला फॉरवर्डवरून काढून लेफ्ट बॅकला, म्हणजे मागे डावीकडे बचावाला टाकलं. घरी येताना गाडीवर माझ्या मागे गप्प बसून होता. दारात आल्यावर चिखलाने कडक झालेले मोजे ओढता ओढता म्हणाला, "बाबा, मागे कोण बघतं?"

जेवणं झाल्यावर त्याला इटलीचा बचावपटू पावलो माल्दिनी दाखवला. १९८५च्या जानेवारीत, वय अवघं १६, एसी मिलानकडून पहिली मॅच. मूळचा उजव्या पायाचा, पण नाव केलं लेफ्ट बॅक म्हणून! २००९पर्यंत एकच क्लब, ९०२ सामने, पाच युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप. वडील चेझारे १९६३मध्ये कप्तान म्हणून तोच कप उचलून गेले होते. बरोबर ४० वर्षांनी मुलानेही कप्तान म्हणून उचलला.

हरलेलंही सांगितलं. १९९४चा वर्ल्ड कप इटलीच्या हातून फायनलला पेनल्टीवर गेला. २००५ला युरोपियन कपच्या इस्तंबूलमधल्या फायनलमध्ये पहिल्याच मिनिटात यानेच गोल केला, हाफटाइमला ३-० पुढे, तरी लिव्हरपूलने कप नेला. ती रात्र मला आजही बोचते. दोन वर्षांनी अथेन्समध्ये त्याच लिव्हरपूलला हरवलं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

पोरगा एकच क्लिप मागे घेऊन घेऊन बघत होता. फॉरवर्ड सुसाट येतोय आणि माल्दिनी नुसता बाजूने पळतोय, त्याला हळूहळू लाइनकडे ढकलतोय. पाय टाकतच नाही. मग एकदाच टाकतो, बॉल काढून घेतो.

"बाबा, उद्या सकाळी ग्राउंडवर येशील? तू फॉरवर्ड हो."

साडेपाचचा गजर लावलाय.