खाऱ्या हवेतला व्हॉल्व्ह स्टिरिओ: प्लग लावण्याआधीची कामं

कोकणात जुना व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) स्टिरिओ रिसीव्हर सापडतो तो बहुधा जहाजावर नोकरी केलेल्या कुणाच्या तरी माळ्यावर. 'चालतोय का बघू' म्हणून लगेच प्लग लावू नका. चेसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) बसलेली खारी धूळ हवेतली ओल धरून ठेवते, आणि सेटमधल्या ३०० व्होल्टला त्या ओलीतून सहज वाट मिळते.

काम डिसेंबर ते मे या काळात काढावं. मागचं झाकण उघडून कुंभारमाशीची घरं, पालीची अंडी, झुरळांची घाण सुक्या ब्रशने काढा. मग चेसिस मोठ्या खोक्यात ठेवून आत ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब दोन-तीन दिवस पेटता ठेवा. बल्ब पुठ्ठ्याला टेकता कामा नये आणि खोक्याला वर भोकं हवीत, नाहीतर ओल आतच फिरत राहते.

एक पैसाही खर्च करण्याआधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) तपासा. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या पुश-पुल (आळीपाळीने काम करणाऱ्या) जोडीत सेंटर टॅपपासून, म्हणजे वाइंडिंगच्या मधल्या जोडापासून, प्रत्येक टोकापर्यंत साधारण १०० ते ३०० ओहम दिसतात. दोन बाजूंत थोडा फरक असतोच. एखादी बाजू ओपन असेल, तर ओल आणि डीसी मिळून केसासारखी तांब्याची तार हिरवी होऊन तुटलेली असते. असा सेट चालू केला की व्हॉल्व्हमधल्या पत्र्याला म्हणजे अ‍ॅनोडला व्होल्टेज मिळत नाही, सगळा करंट शेजारची जाळी, म्हणजे स्क्रीन ग्रिड, ओढतं आणि ते लाल होतं. रिवाइंडिंग मोटरवाल्याकडे देऊ नका. यात प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग) आणि सेकंडरीचे (स्पीकरकडच्या वाइंडिंगचे) थर आलटून-पालटून असतात, ते जमलं नाही तर वरचे सूर जातात. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रायमरी ते चेसिस मोजा. १० मेगओहमच्या खाली आलं तर परत खोक्यात.

कागदी कंडेन्सर मोजत बसू नका, सगळे बदला. कपलिंगचा (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारा) ०.०२२ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर चालतो. जुना गळत असेल तर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह लाल होतो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जातो. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड८१ असेल तर पहिला फिल्टर कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. 'मोठा टाकला की हम (घुमणारा आवाज) जाईल' हा सल्ला रेक्टिफायर खातो. मेन्सला आडवा असलेला कंडेन्सर एक्स२ (मेन्ससाठीच बनवलेल्या) प्रकारचाच हवा. कार्बनचे १०० किलोओहमचे रेझिस्टन्स इथल्या हवेत वर सरकतात. २० टक्क्यांपुढे गेलेले काढा.

अमेरिकन सेट ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, म्हणून स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) ११० व्होल्टचाच घ्या.

आता १०० वॅटचा तसाच साधा बल्ब मेन्स आणि सेटच्या मध्ये सिरीजमध्ये जोडून सेट चालू करा. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत राहिला तर लगेच बंद. नंतर सरळ मेन्सवर घेऊन ईएल८४च्या कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज मोजा. जोडीला मिळून १३० ओहम असेल तर १० ते ११ व्होल्ट, म्हणजे दोघांत सुमारे ८० मिलिअँपिअर. स्क्रीन ग्रिडकडे जाणारा दहावा भाग वजा करून प्रत्येकी ३६ धरा आणि अ‍ॅनोड-कॅथोडमधल्या व्होल्टेजने गुणा. १२ वॅटच्या आत हवं. कपलिंग नवा असूनही पिन २ (ग्रिड) पॉझिटिव्ह दिसली तर व्हॉल्व्हच गॅसी झालाय, म्हणजे आत वायू शिरलाय. हात घालण्याआधी प्लग काढून १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सने फिल्टर रिकामे करा आणि मीटरने खात्री करा.

पोटेन्शिओमीटर आणि बँडस्विचला काँटॅक्ट क्लीनर पुरतो. व्हॉल्व्हच्या काळ्या पिना घासा, होल्डरच्या सैल पाकळ्या सुईने आवळा.

अमेरिकन सेटवर एफएम दबका वाटला तर दोष नाही: त्यांचा डी-एम्फसिस (एफएमचे वरचे सूर ठरलेल्या प्रमाणात दाबणं) ७५ मायक्रोसेकंदांचा, आपला ५०चा. तिथला कंडेन्सर दोन-तृतीयांश करा. पण तडतड येत असेल, आणि आवाज बारीक केल्यावर ती थांबत असेल, तर आयएफ कॅनच्या (ट्यूनिंगच्या कॉइलवरच्या पत्र्याच्या डबीच्या) बुडातला मायका कंडेन्सर बघा. ओलीत डीसीखाली चांदी एका पत्र्याकडून दुसऱ्याकडे सरकते. कॅन उघडून मायका काढायचा आणि तेवढ्याच पिकोफॅरडचा नवा बाहेरून डाख लावून जोडायचा. कॅनमधली कोअर (कॉइलचा फिरवता येणारा गाभा) मात्र त्याआधी फिरवू नका.