सही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला आणि मला आधी आठवलं ते आठवीचं प्रगतिपुस्तक. बक्षिसं आणि स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. माझ्याकडे तसंही बक्षीस एकच, तेही लिंबू-चमच्याचं.

वर्ष १९८६. आम्ही ठाण्यात किसननगरच्या चाळीत राहायचो आणि बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. घराणं नगरकडचं. तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, त्यामुळे पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. वर्गात मात्र सगळे धरून चालायचे की आम्ही मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमधले. ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट, हे सांगून सांगून मी कंटाळलो होतो. "ख्रिश्चन असून मराठी एवढं चांगलं कसं?" हाही ठरलेला प्रश्न. एकदा मराठीच्या बाईच वैतागल्या. "अरे, फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या मराठी ओव्या १६१६ साली छापल्यात. आणि रेव्हरंड टिळकांची कविता पाठ करता, ते कोण होते?" त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जरा ताठ चाललो.

तर प्रगतिपुस्तक. सहामाहीला गणितात शंभरपैकी तेवीस. बाबांची सही सोपी होती, एक वळण आणि खाली रेघ. मी ती मारली. गणिताच्या सरांना एका नजरेत कळलं आणि त्यांनी बाबांना बोलावलं.

बाबा पहिली पाळी संपवून तसेच आले. सायकलच्या हँडलला डबा, नखांत ग्रीस. सरांनी पान उघडून पुढे केलं. "ही सही तुमचीच ना?"

बाबांनी पान पाहिलं, मग मला पाहिलं. "हो. माझीच."

सर काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत बाबाही बोलले नाहीत. मी मार बसायची वाट बघत मागे कॅरिअरवर बसलो होतो. रात्री प्रार्थनेत नेहमीसारखं भजन झालं, बाबांचा सूर नेहमीसारखाच लागला नाही, आणि जेवणं झाली. खोटं बोलणाऱ्याला आमच्या घरात उंबरा ओलांडू देत नसत, आणि इथे बाबाच! खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. थोडा अभिमानसुद्धा.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा; येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळे भाकर आणि द्राक्षरस घेतात, तो. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचला. आधी स्वतःला पारखा, मग भाकर खा, तो भाग. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरत आमच्यापर्यंत आलं. आईने घेतलं. बाबांनी ताट हातात धरलं, क्षणभर थांबले आणि तसंच शेजारच्या काकांकडे दिलं. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचंही तेच. आईने वळून पाहिलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

ते ताट मी आजवर विसरलेलो नाही. मार खाल्ला असता तर आठवड्यात विसरलो असतो.

सोमवारी बाबा पुन्हा शाळेत गेले होते, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. भेटायला गेलो तर चहा देता देता म्हणाले, "तुझे वडील माझ्याकडे माफी मागायला आले होते. म्हणाले, पोराला सगळ्यांसमोर उघडं पाडवेना म्हणून खोटं बोललो, पण ते घेऊन पुढच्या महिन्यापर्यंत राहता येणार नाही." सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि माझं गणित फुकट शिकवायचं कबूल केलं. मला तेव्हा वाटलं होतं, सरांना माझ्यात गुण दिसला असावा!

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांनी मला जवळ घेतल्याचं एकही चित्र डोळ्यांसमोर येत नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात बाप धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडतो. आमचे बाबा धावणारे नव्हते, सायकल उभी करून थांबणारे होते.

माझी मुलगी आता आठवीत आहे, घोडबंदर रोडला. तिच्या शाळेचं ॲप आहे, गुण आधी माझ्या मोबाइलवर येतात आणि सहीचा प्रश्नच येत नाही. परवा विज्ञानात एकतीस आले. मी ऑफिसमध्येच पाहिलं. रात्री ती ताटात भाताशी खेळत म्हणाली, "पप्पा, रिझल्ट बघितलास?"

"नाही गं," मी म्हणालो, "अजून उघडलंच नाही. तूच सांग."

तिने सांगितलं. खरे आकडे सांगितले.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे.