कोरडे मोजे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' यावर लिहा, असं पत्र आलं. विचार करायला बसलो की दहावी 'क'मधला माझ्या बाकावरचा दोस्तच डोळ्यांपुढं येतो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला खपणार नाही.

आमच्या इतिहासाच्या सरांचं सव्वीस जानेवारीचं भाषण म्हणजे अंगावर काटा. यशवंत घाडगे, नामदेव जाधव ही व्हिक्टोरिया क्रॉसवाली (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेली) नावं ते अशी घ्यायचे, की दोघं परवाच शाळेत येऊन गेल्यासारखं वाटायचं. घाडगे 1944 साली इटलीत पडले तेव्हा अवघे 22 वर्षांचे होते, हे मात्र भाषणात कधी आलं नाही. भाषण संपलं की निम्मा वर्ग फौजेत निघायचा आणि कोपऱ्यावर वडा खाऊन घरी जायचा. सैनिक टाकळी हे फौजींचं गाव ज्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे तिथं यात नवल कसलं! पण हा गडी खरंच गेला. बारावी झाली, भरतीत पळाला आणि ट्रंक घेऊन बेळगावला मराठा सेंटरला दाखल झाला.

त्याच सुट्टीत मी करवीर नगर वाचन मंदिरातून 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आणली आणि डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचली. जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क, कादंबरी 1929 ची. पहिल्या महायुद्धात त्याला स्वतःला अठराव्या वर्षी फौजेत ओढलं होतं. कादंबरीतले कांटोरेक मास्तर भाषणं देऊन देऊन अख्खा वर्ग भरतीला नेतात. बेम नावाचा एकच पोरगा का-कू करतो. भित्रा म्हणतील म्हणून शेवटी जातो, आणि वर्गातला पहिला तोच मरतो. मी पुस्तक मिटलं. पुढं कितीतरी दिवस सर रंकाळ्यावर दिसले की रस्ता बदलायचो.

अन्याय होता तो. भरतीच्या पोरांना पहाटे पळवायला सर स्वतः सायकलवरून यायचे.

पुढं कांटोरेकलाही फौजेत घेतात आणि त्यांचाच जुना विद्यार्थी त्यांना कवायतीत पिदडतो. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता त्या पानाला हसू येत नाही. त्या पोराचं पोरपण कुठल्या तोफेनं नेलं नव्हतं, ते तिथं, त्या मैदानावर गेलं होतं. आणि ते बूट! त्याच वर्गातला केमरिख दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय आणि त्याच्या दोस्ताचा, म्युलरचा जीव त्याच्या बुटांत अडकलाय. रेमार्क त्याला वाईट ठरवत नाही. बूट चांगले आहेत, तसे परत मिळायचे नाहीत, एवढंच. मला तर मरणाच्या प्रसंगांपेक्षा हेच जास्त लागलं.

कादंबरीचा नायक पॉल रजेवर घरी येतो तेव्हा वडलांना लढाईचे किस्से हवे असतात. हे पान मी नंतर आमच्याच गल्लीत पाहिलं. दोस्त लडाखातून रजेवर आला होता. सोप्यात शेजारीपाजारी जमलेले. एका मामांनी विचारलंच, "किती उडीवलंस रं?" तो बशीतला चहा गोल गोल फिरवत राहिला.

पंधरा ऑगस्टला सरांनी त्याला शाळेत बोलावलं. "पोरांना चार शब्द सांग." तो माइकपुढं बराच वेळ नुसता उभा. मग म्हणाला, "रात्री मोजे बदलायचे. ओल्या मोज्यात झोपायचं नाही. शेजारच्याचे पण बघायचे. तो दमलेला असतोय, त्याला पाय गार पडल्यालं कळत नाही."

पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी घाईघाईनं 'भारत माता की जय' म्हटलं. तो खाली उतरला आणि मला म्हणाला, "चल, मिसळ खाऊ."

सर सायकल ढकलत आमच्या मागोमाग आले. समोर बसले. मिसळ त्यांनी मागवली नाही, पैसे मात्र तिघांचे असल्यासारखे त्यांनीच दिले.