विंचेस्टरच्या पाण्याखाली

मी जिओटेक्निकल इंजिनिअर आहे. इमारतीच्या खाली काय आहे ते पाहायचं, हे माझं काम. गेली 26 वर्षं मी ते बोस्टनमध्ये करते आहे. तिथला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे बॅक बे. एकोणिसाव्या शतकात भरती-ओहोटीची दलदल बुजवून तो तयार केला आणि तिथल्या जुन्या इमारती लाकडी पाइलवर, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खांबांवर, उभ्या केल्या. एकट्या ट्रिनिटी चर्चखाली सुमारे साडेचार हजार पाइल आहेत. लाकूड कायम पाण्यात बुडालेलं असलं की पिढ्यान् पिढ्या टिकतं, कारण ते कुजवणाऱ्या बुरशीला हवा मिळत नाही. भूजल उतरलं आणि पाइलची डोकी उघडी पडली, की कुजणं सुरू. 1929 मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाखाली हेच झालेलं सापडलं. म्हणून आता शहरभर निरीक्षण-विहिरी आहेत आणि त्यांतली पाणीपातळी नेमाने मोजली जाते.

गेल्या फेब्रुवारीत याच विषयावर बोलायला मी इंग्लंडला गेले. तीन गावं, तीन व्याख्यानं: सॉल्झबरी, विंचेस्टर, ईली. मधल्या वेळात तिथली कॅथीड्रल, म्हणजे मोठी जुनी चर्च, पाहायची.

सॉल्झबरीत एक दिवस होते. तिथला मनोरा 123 मीटर उंच आणि त्याचा पाया जेमतेम सव्वा मीटर खोल. खाली पाण्याने भरलेली खडी आहे, तिच्यावर सगळं तोललेलं. तिथल्या वाटाड्याने फरशीतला एक छोटा दगड उचलला, भोकातून काठी आत सोडली आणि ओली झालेली काठी मला दाखवली. आम्ही बोस्टनमध्ये करतो तेच काम, कॅथीड्रलच्या आत, एका काठीने. मला फार आनंद झाला.

विंचेस्टरचा दिवस मात्र वेगळाच निघाला.

तिथलं कॅथीड्रल 1079 मध्ये बांधायला घेतलं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ते पूर्वेकडे वाढवलं, ते मात्र पीटवर. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा स्पंजासारखा थर. त्यावर बीच झाडाचे ओंडके आडवे अंथरले आणि वर भिंती चढवल्या. 1905 पर्यंत त्या भिंती बाहेर झुकून फाटायला लागल्या होत्या. वास्तुविशारद थॉमस जॅक्सन यांनी फ्रान्सिस फॉक्स या इंजिनिअरला बोलावलं. भिंतीखाली चर खणला की पाणी भरे. पंप लावून ते उपसावं, तर पाण्याबरोबर भिंतीखालची बारीक वाळूही निघून येणार.

माझं लहानपण तासगावजवळच्या गावात गेलं. आमच्या मळ्यात विहीर खोदत होते तेव्हा मी आठ वर्षांची होते. यारी लावलेली, खाली माणसं कमरेएवढ्या पाण्यात. पाणी वाढलं की डिझेल इंजिन चालू करायचं आणि उपसत राहायचं. आमच्याकडे बाजू कातळाच्या, म्हणून ते चालतं. विंचेस्टरला तसं केलं असतं तर कॅथीड्रलच खाली बसलं असतं.

म्हणून फॉक्स यांनी पाणी तसंच ठेवलं आणि त्यात पाणबुड्या उतरवला. विल्यम वॉकर त्याचं नाव. 1906 ते 1911, रोज सुमारे सहा तास. चर सहा मीटरपर्यंत खोल आणि पाणी इतकं गढूळ की उजेडाचा उपयोग नव्हता. सगळं काम हाताच्या स्पर्शावर. तळातला पीट काढायचा, खालच्या खडीवर काँक्रीटच्या गोण्या रचायच्या आणि तळ बंद करायचा. तळ बंद झाला की पाणी उपसता येई, मग गवंडी उतरत आणि भिंतीपर्यंत बांधकाम वर आणत. असे एकामागून एक चर. सगळं मिळून 25 हजारांहून जास्त गोण्या, सुमारे 1 लाख 15 हजार काँक्रीटचे ठोकळे आणि 9 लाख विटा. पोशाख इतका जड होता की जेवायच्या सुट्टीत वॉकर फक्त शिरस्त्राण काढत असे.

हे आकडे मला आधीपासून पाठ होते. तळघराच्या पायऱ्यांपाशी उभी राहिले तेव्हा त्यांचं वजन कळलं. हिवाळ्यात ते तळघर आजही भरतं. कमानींखाली काळं, स्थिर पाणी होतं आणि त्यात अँटनी गोर्मली यांचा माणसाचा पुतळा, ओंजळीकडे पाहत उभा. मी बराच वेळ तिथून हलले नाही. या पाण्याखाली कोणी पाच वर्षं चाचपडत काम केलं, आणि म्हणून माझ्या डोक्यावरचं छत जागेवर आहे.

वर वॉकरचा छोटा पुतळा आहे. त्याची हकिगत मला सोबतच्या बाईंनी सांगितली. 1964 मध्ये बसवलेल्या पहिल्या पुतळ्याला चेहरा वॉकरचा नव्हता, फॉक्स यांचा होता. फोटो ओळखण्यात चूक झाली होती. पाणबुड्याच्या पोशाखात इंजिनिअर! बरोबर चेहऱ्याचा पुतळा 2001 मध्ये आला. वॉकर 1918 च्या फ्लूच्या साथीत गेला होता.

संध्याकाळचं व्याख्यान एका छोट्या सभागृहात झालं. साठेक माणसं, बहुतेक निवृत्त. ट्रिनिटी चर्चची स्लाइड आली, वास्तुविशारद रिचर्डसन यांचं नाव आलं, मनोऱ्याखालचे ग्रॅनाइटचे पिरॅमिड, पाइलची संख्या, सगळं नेहमीसारखं. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. आयुष्यभर गवंडीकाम केल्याचं त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, "ते साडेचार हजार पाइल ठोकले कोणी?"

"जड हातोडा वरून पाडून ठोकत असत," असं मी सांगायला लागले.

"कशाने ते नाही विचारलं. कोणी?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं मी ही स्लाइड दाखवते आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. "मला माहीत नाही, पण शोधीन," एवढंच मी म्हणाले. आजोबांनी मान डोलावली आणि ते खाली बसले. त्या रात्री झोप लागेना. आमच्या विहिरीत उतरलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव मला आठवत नव्हतं. त्यांच्यासाठी भाकऱ्यांची पाटी घेऊन मी रोज बांधावर जात असे.

दोन दिवसांनी ईली. तिथला मधला मनोरा 1322 मध्ये कोसळला आणि त्या जागी ओकच्या प्रचंड खांबांवर उजेड आत सोडणारा अष्टकोनी मनोरा उभा राहिला. मान वर करून पाहिलं की घेरी येते, इतका सुंदर. पण मी यजमानांना आधी हिशेबांबद्दल विचारलं. ते कॅथीड्रल तेव्हा मठाचं होतं आणि मठाचे हिशेब जपलेले आहेत. विल्यम हर्ली या सुताराला वर्षाला आठ पौंड दिल्याची नोंद त्यांत आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव आणि मोबदला मला मिळाला होता.

ईलीच्या व्याख्यानात ट्रिनिटीच्या स्लाइडवर मी थांबले आणि पाइल ठोकणाऱ्यांची नावं माझ्याकडे नाहीत, हे स्वतःहून सांगितलं. बोस्टनला परतल्यावर 1870 च्या दशकातले मजुरीचे हिशेब पाहायला मिळतील का, असं विचारणारी पत्रं दोन दफ्तरखान्यांना पाठवली. एकाचं उत्तर आलं आहे: पाच खोकी आहेत, अजून कोणी लावलेली नाहीत, येऊन बघा. पुढच्या मंगळवारची रजा टाकली आहे.